अर्थिंग

खणभागात, सायकलच्या दुकानामागं
भूपाल चौगुल्यांचा छापखाना.
तिथला कॉम्प्युटर बावीस वर्षांचा,
माझ्या लेकीएवढा,
आणि तिच्यासारखाच
विचारलं की गप्प.

"चि. सौ. कां. एवढं उमटतं," अण्णा म्हणाले,
"पुढं नवरीचं नाव येत नाही.
माउस फिरवा, बटणं बडवा,
वाळूचं घड्याळ उभं राहतं
आणि त्यातली वाळू काय पडत नाही."

नवा घ्या, असं मी म्हणत नाही.
म्हणून झालंय.
अक्षरं ज्या चावीनं उघडतात
ती मागच्या रुंद खाचेत बसते,
नव्या मशीनला तशी खाचच नसते.
इथून तासगावपर्यंत कितीक लग्नांची जोडाक्षरं
याच्याच पोटातनं निघालीत.

कॅबिनेट उघडलं.
पंख्यात कागदाचा भुगा, गुलाबी, पिवळा,
जणू अक्षता पडल्यात.
रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या
(रबर अण्णांच्या नातवाचं, आंब्याच्या वासाचं).
प्रोसेसरला पेस्ट लावली,
पानाला चुना लावावा तेवढीच.
एक कपॅसिटर फुगल्यासारखा वाटला, तोही बदलला.
चाललं.
मी विश्रामबागला पोचतोय तोवर फोन:
"अडकलं."

अशा तीन खेपा.
माझ्यासमोर तो पाहुण्यांपुढच्या पोरासारखा
सगळं धडाधड म्हणून दाखवायचा.
फक्त तारीख, दरवेळी,
एक जानेवारी दोन हजार दोन.
आतला सेल संपलेला. वीस रुपयांचा.
"राहू दे," अण्णा म्हणाले,
"तारखा आम्ही पंचांगातनं घेतो."

चौथ्या खेपेला मी काहीच केलं नाही.
चपला दारात होत्या, फरशी गार.
स्टूल ओढून नुसता बसलो.
मुन्ना कटिंगला लागला, चहा आला,
आणि कप घेताना
कोपर कॅबिनेटला टेकलं.
खांद्यापर्यंत मुंग्या.

"ते होतंय की पाडव्यापासनं," मुन्ना म्हणाला,
"आम्ही स्लिपर घालूनच टाइप करतो."
मग आधी का नाही सांगितलं?
"तुम्ही कुठं विचारलं?"

मागच्या बोळात अर्थिंगचा पाइप.
भोवतीची माती तडकलेली,
कडेला पुदिन्याच्या वाळक्या काड्या.
शंभरचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरला,
काजव्याएवढा लागला.

"इथं पाणी कोण घालतं?"

अण्णा बराच वेळ पाइपकडे बघत राहिले.
"अक्काताई घालायची. बाइंडिंगची.
एकतीस वर्षं होती.
जेवून डबा धुतला की ते पाणी इथं.
आम्हाला वाटायचं, पुदिन्याला घालते."
मग खाली बघून:
"पाडव्याला तिला घरी बसवलं.
पिना मारायचं मशीन घेतलं ना."

मीठ आणलं. एक बादली ओतली,
माती घटाघटा प्याली, दुसरी ओतली,
तिसरीला बल्ब भरून आला.
"मशीनला अर्थ मिळत नव्हता," मी म्हणालो.
आमच्या धंद्यात असंच बोलतात.
अण्णांनी मान हलवली,
लागते त्यापेक्षा जरा जास्त.

चि. सौ. कां.
आम्ही तिघंही श्वास धरून.
गुणमाला.
आडनावाशी थोडा घुटमळला, मग तेही आलं.

मी तीनशे घेतले,
आणि जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचं एक पॅड.
मुन्नाला बजावलं, रोज एक तांब्या, विसरायचं नाही.

गुरुवारी फोन.
"सकाळी अडकलं होतं. काही नाही,
पाणी राहिलं होतं घालायचं.
आपलं सहज कळवलं."
मागं कटिंगचा खट् खट् आवाज,
आणि एक बाई कुणाला तरी झापत होती
घडी वाकडी पडली म्हणून.