काना

कथेतली शेवंताक्का पायात चपला सरकवते
आणि दारातनं म्हणते, "बरं, मी येतो."
संपादकांनी त्याला लाल गोल केला.
वर लिहिलं: येते.
समासात: लिंगदोष, अकरा ठिकाणी.

फोनवर मऊ बोलले.
"वाचक अडखळतो हो."
मी गप्प बसले.

अंक आला. सुभाषनगरात आई
चपलेच्या वेण्या घालत होती,
बारीक वादी दातात धरून.
तिला सगळी कथा वाचून दाखवली.
तिनं वादी बाहेर काढली.
"बाई गुणाची हाय," म्हणाली,
"पर कुठल्या गावची?"

पलीकडं दगडूमामा तळ ठोकत होते,
त्यांना कथेचं काही नव्हतं.
म्हणाले, पूर्वी गिऱ्हाईक सांगून करून घ्यायचं,
दोन थरांत विंचवाच्या बिया घाल,
कर्रकर्र वाजली पाहिजे.
बोळाच्या तोंडालाच कळायचं
कोण येतंय.
आता म्हणतात, आवाज नको.

रात्री माझ्या वाट्याच्या पाच प्रती
आईच्या पाटावर मांडल्या, निळं पेन घेतलं.
खोडायला काहीच लागलं नाही.
मात्रा होतीच डोक्यावर.
येते, गेले, बसले:
प्रत्येकीपुढं नुसता एक काना
उभा केला,
दारात माणूस उभं राहावं तसा.

पंचावन्न काने.
एखादा राहिलाही असेल, बघा.

वर मी 'बसले' लिहिलंय, ते तसंच असू द्या.
तेव्हा खरंच तशी बसले होते.

पहाटे मान अवघडली
तेव्हा उठलो.