आत म्हणजे कुठं

पंचफुला गुरनुलेच्या वाडीतून सकाळी
सांभाराच्या बारा जुड्या घेतल्या, पालकाच्या नऊ.
बर्फाचा डबा, प्रत्येक जुडीला नंबर,
उमा नदीचं पाणी बाटलीत, शेणखत पिशवीत.
तिनं विचारलं, येवढ्याशा भाजीले येवढा मोठा डबा काहून?
म्हटलं, जंतू शोधायचे आहेत.
ती म्हणाली, कोनाचे?

प्रयोगशाळेत दोन वर्षं तोच वाद.
उरकुडे मॅडम पडद्यावर बोट ठेवतात:
हे पानाचं तोंड, हे दोन ओठ, अर्धवट उघडे,
आणि ओठांमागं अंधारात
हिरवे चमकणारे ठिपके.
गेले की नाही आत?
सोमलकर सर चष्मा पुसतात.
तुम्ही एका रोपावर कोटी ओतलेत.
कोटी लोटले तर ग्रामपंचायतीतही शिरतील.
शेतात कोण ओततं कोटी?

क्लोरीनमध्ये धुतलं, तरी काचेच्या ताटलीत वाढले.
मग ते आत होते
की शिरेच्या खोबणीत दडून धुण्यातून वाचले?
कसं कळलं तुम्हाला?

इथं चहा येतो.
मी ताटल्या झाकतो, सदतीस अंशांवर ठेवतो.
निबंधाच्या आभारात माझं नाव येतं,
शेवटून दुसरं, आडनाव चुकलेलं.

सोमवारी बाजाराच्या आधी परत गेलो.
काय निंगालं, तिनं विचारलं.
सांगून पाहिलं: पानाला तोंडं असतात, बाई, हजारो.
मंग बोलत काहून नाही?
असं म्हणून ती हसली, मग हसणं आवरून म्हणाली,
छपरीत येऊन बसलेला सोयरा
घरात आला म्हनाचं का नाही?
पानी देल्ल्यावर, का जेवाले बसल्यावर?

दोन वर्षांत हा प्रश्न
कुणीच इतका नीट मांडला नव्हता.

जुड्यांवर शिंपडायला तिनं नदीच्या बादलीत हात घातला,
तो तसाच राहिला, थेंब गळत.
मग बादली वाफ्यात उलटी केली,
आणि डोक्यावर गुंड घेऊन
पार शाळेजवळच्या बोरिंगवर गेली.
माझ्याकडं न पाहता.
तिला मी अजून काहीच सिद्ध करून दिलं नव्हतं.

एक जुडी नंबरातून उरली होती, घरी आणली.
पोह्यांवर घालायला सांभार हवाच.
एकदा धुतला, दुसऱ्यांदा धुतला,
तिसऱ्यांदा मीठ घालून.
बायको म्हणाली, पोहे वाळून चालले.

उरलेलं पाणी नेहमीसारखं
न्हाणीमागच्या धोप्याला घालायला गेलो.
धोप्याचं पान केवढं मोठं.
भांडं हातात धरून
तिथंच उभा राहिलो.