पुढचा

लोकांकडे पाठ करून बसणं
हेच आमचं काम.
समोर नळ्यांची भिंत,
डोक्याशी एक आरसा, मोटारीला असतो तसा,
त्यात पाद्री तळहाताएवढा.
एकेचाळीस वर्षं मी गाव पाहिलं ते असं,
उलटं. डाव्या भांगाचे सगळे उजवे.

ग्रोनिंगनच्या उत्तरेला, समुद्रबांधाच्या आत,
कालव्याच्या या काठाला आमचं चर्च,
त्या काठाला त्यांचं.
आजोबांच्या वेळी फुटलेलं. कशावरून,
ते आता कुणालाच धड सांगता येत नाही.
तिथंही कुणीतरी वाजवायचं.
वारा इकडचा असला की ऐकू यायचं
आणि मी, खोटं कशाला सांगू,
त्याच्या चुका मोजायचे.

एका नोव्हेंबरात, शनिवारी संध्याकाळी,
पट्टी अडकली.
बोट उचललं तरी सूर थांबेना.
हा खटका आत ढकलला तर त्या खटक्यातून बोलायचा.
भात्याची मोटर बंद केली तेव्हा कण्हत कण्हत गेला,
चालू केली की पुन्हा हजर,
हट्टी पोरासारखा एकच अक्षर धरून.
दुरुस्तीवाला गेल्या वर्षी वारला होता,
त्याचा मुलगा आता छपरांवर सोलर बसवतो.

तेव्हा पूल ओलांडला.
वीब्रांड टिल्लेमा, दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर,
दारात मोज्यांवर उभा.
मी म्हटलं, माझा सूर अडकलाय.
त्यानं जोडे घातले.

बॅटरी घेऊन तो ऑर्गनच्या पोटात शिरला,
मी पट्ट्यांशी.
आतून आवाज: दाब.
सोड.
पुढचा.
झडपेखालून चुन्याचा पोपडा निघाला, नखाएवढा,
आमच्याच छताचा.
एवढ्यावर घरी जायचं, तर तो म्हणाला,
आलोच आहे तर सुरात लावून टाकू.
हे एकट्यानं होत नाही.
एक आत, अंधारात, कान लावून,
एक बाहेर, पट्टी धरून.
रात्री एकपर्यंत आम्ही बोललो ते तीनच शब्द.
नवऱ्याशी कधी कधी याहून कमी बोलले आहे.

मग बेकरीच्या काचेवर चिठ्ठी लावली:
पहिला मंगळवार. चर्च गार असेल, वाटाण्याचं सूप गरम.
वाजवणारे, वाजवून सोडलेले, न वाजवणारे, सगळे या.
अकरा खुर्च्या मांडल्या. दोघं आली.
खेस्के, जी फक्त मयतीला वाजवते
आणि सूप पीत असतानाही सावकाश.
हार्मानुस बोलहाउस, झटक्यानं डावा हात गेलेला,
आपले पातळ तळव्याचे जोडे परत द्यायला आला होता,
कुणाच्या पायाला होत असतील तर.
एका हातानं टाळी वाजत नाही, म्हणाला.
टाळी कोण मागतंय, खेस्के म्हणाली,
बाकावर जरा सरक.
उजवा हात त्याचा, डावा वीब्रांडचा,
पायपट्ट्या माझ्या, मध्ये अंगाला अंग.
दुसऱ्या ओळीला तिघंही तीन ठिकाणी होतो.
ते हसू छतापर्यंत गेलं. आणखी थोडा चुना पडला.

फेब्रुवारीत सेनाइत आली, अस्मराची,
गावाबाहेरच्या निर्वासित छावणीतून, सायकलवर.
आमच्याकडे चर्चमध्ये ढोल असतो, म्हणाली,
हे मला येत नाही. नुसतं ऐकलं तर चालेल?
वीब्रांडनं तिच्या हातात बॅटरी दिली.
गुडघ्यांवर रांगत ती आत गेली,
आम्ही चौघं बाहेर, गप्प.
मी पट्टी धरली.
ती किती वेळ ऐकत राहिली.
माझं बोट दुखायला लागलं.
हे थोडं रडतंय, आतून म्हणाली.
खरंच रडत होतं. मला कधी कळलं नव्हतं.
मग लाकडावर दोन हलके ठोके
आणि आमच्या गावठी बोलीत, पहिल्यांदा:
पुढचा.

खुर्च्या अजून अकराच मांडतो.
कधी सहा भरतात, बर्फ असला तर तीन.
आणि रविवारी दुपारी फोन वाजतो.
किती झाल्या? वीब्रांड विचारतो.
तीन, मी सांगते.
चार, तो म्हणतो,
एक तू ऐकली नाहीस.