एक ए जास्त

विमा संपला मंगळवारी रात्री बाराला.
मला ठाऊक होतं.
गुरुवारी रताळ्यांचे पैसे येणार,
शुक्रवारी भरायचं, असं ठरवून झोपलो होतो.
गुरुवारी पहाटे पिरनवाडीच्या वळणावर
दुंडाप्पाची सायकल आडवी आली.
असं मी पोलिसांना सांगितलं.
आडवा मी आलो होतो.

चाळीस लिटर दूध
डांबरावरून उताराला लागलं.
एक कुत्रं आलं, वास घेऊन नुसतं उभं राहिलं,
एवढं सगळं आपल्याला कसं, म्हणून बहुतेक.
दुंडाप्पा मनगट धरून बसला होता
आणि घरं मोजत होता,
आज कुणाकुणाचा चहा काळा होणार त्यांची.

लायसन तीन महिने गेलं.
गाडीवर ताडपत्री. मागच्या सीटखाली
शेजाऱ्यांची कोंबडी अंड्यांवर बसली.
रताळी मेहुण्याच्या टेम्पोतून मार्केटला,
मेहुण्यानं भाड्यात एक रुपया सोडला नाही.
दवाखान्याचं बिल मी खिशातून भरलं.
विम्याच्या हप्त्याहून ते किती मोठं होतं
हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

मग नवी पॉलिसी, पावती, तीन झेरॉक्स,
बेळगावात खिडकीसमोर रांग.
दुंडाप्पा सोबत होता.
कानडी कागद वाचायला येतोस काय, विचारलं होतं मी, लाजत.
हात दाखवायला जायचंच हाय, म्हणाला तो.

अर्जी, म्हणाला कारकून. दाखले. रशीदी.
विमे.
शब्द सगळे ओळखीचे,
फक्त शेवटी पाय दुमडून बसलेले.
मी एकेक कागद आत सरकवत गेलो,
वाटलं, झालं.
"हेसरु सरी इल्ल."
हे मात्र आपल्यातलं नव्हतं.

"नाव जुळेना म्हणूलाय," दुंडाप्पा म्हणाला.
लायसनवर भरमाणी, पॉलिसीवरही भरमाणीच,
पण इंग्रजीत र च्या आधी
एक ए जास्त.
कोल्हापूरच्या पोरानं टाईप करताना टाकला असेल,
किंवा माझ्या बापानं शाळेत घालताना सोडला असेल.
गावाचं नावही दोन कागदांवर दोन तऱ्हेचं होतं.
त्यावर कारकून काही बोलला नाही.
त्यावर बोट ठेवायचं तर
ऑफिसच बंद करावं लागलं असतं.

तेव्हा दुंडाप्पा खिडकीत वाकला,
वाकडं मनगट फळीवर ठेवलं आणि बोलायला लागला.
मला अर्धंच समजलं.
मला पाडणारा हाच, एवढं समजलं.
हाच भरमाणी, दुसरा कुठला भरमाणी नाही,
मी ओळखतो की, माझ्यावरच आला होता.
कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली.
मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
कागद तरी परत दिलेच.
ए काढून आणा. सोमवारी.

सोमवारी ए काढून आणला.
दुंडाप्पा सोमवारीही आला,
आता कशाला, ते मी विचारलं नाही.
शिक्का पडला, जांभळा, थोडा पुसट.
बाहेर झाडाखाली शेंगा खात
तो पॉलिसी वाचत बसला, पहिल्या पानापासून,
माझ्या घरात कुणी वाचली नव्हती अशी.

"थर्ड पार्टी म्हंजे कोण?"
"म्हणजे तू."
"तिसरा?"
"पहिला मी. दुसरी कंपनी."
त्यानं एक शेंग फोडली. दाणा खवट निघाला, थुंकला.
"पडलो तर मीच पहिला," म्हणाला.

खानापूरची बस आली.
खिडकीची जागा मी त्याला दिली.
कंडक्टर आला तेव्हा मी अजून
लायसन खिशात नीट बसवत होतो,
तोवर त्यानं डाव्या हातानं
सुटे पैसे मोजले,
दोघांचे.