दोन ओळींची जागा

फॉर्मवर अकरावा प्रश्न :
प्रशिक्षण का घ्यावेसे वाटते?
खाली दोन ओळींची जागा.

म्हापशाचा हॉल. पंखा नेमका माझ्या डोक्यावर,
कागद उडू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली.
शेजारच्या बाईंनी लिहिलं, मुलांची आवड आहे.
त्यांच्या पलीकडच्या मुलीने त्यांचं बघून,
मुलांची आवड आहे.

आवड.
पहाटे साडेचारला दार वाजतं
तेव्हा ती कुठे असते, मला ठाऊक नाही.
मोपाच्या पहिल्या विमानाआधी फ्लाविया येते,
गणवेशाला कडक इस्त्री, डोळ्यांत झोप,
तिच्या खांद्यावरचं मूल माझ्या खांद्यावर येतं
आणि जागं होत नाही.
सातला गावकरांची जुळी.
नऊला बँकेतल्या बाईंची आरुषी, डबा घेऊन,
काय द्यायचं नाही त्याची चिठ्ठी घेऊन.
सात वर्षांत एकोणीस मुलं.
तरी माझ्या सिद्धीच्या शाळेच्या अर्जावर
आईचा व्यवसाय : गृहिणी.
खोटं नाही ते. म्हणून खोडताही येत नाही.

भिकणाचं लिहू का?
मे महिना, सोप्यावर फणसाची भिकणं सुकत घातलेली,
आणि जुळ्यांतला धाकटा
आवाज न करता निळा पडत चाललेला.
मी उलटा धरला, पाठीवर थाप मारली,
भगवतीचं नाव घेतलं, पुन्हा थाप.
भिकण लादीवर टणकन पडलं.
थापेने पडलं की भगवतीने पाडलं
हे मला आजही सांगता येत नाही.
दोन रात्री नुसते हात जागे होते.

तरी तेव्हा फॉर्म आणला नाही.
टॅक्सी पुसता पुसता नवरा म्हणाला,
पोरां सांबाळपाक शिकचें कित्याक?
तुज्या आवयन खंय शिकिल्लें?
खरंच की. आईने पाच वाढवली.
सहावं होतं.
त्याचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

नाही, लिहायचं तर इवानचं लिहायला हवं.
संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजला की
सगळी पोरं दाराकडे धावायची,
हा एकटा चपला ओळीत लावत बसायचा.
एकदा मी मुद्दाम त्याच्या पाठीमागे
कुकरचं झाकण पाडलं.
मीच दचकले.
मला कळलं होतं. डॉक्टरांच्या दहा महिने आधी
मला कळलं होतं.
फ्लावियाला म्हटलंही, जरा दाखवून घे गो.
ती म्हणाली, मावशी, मुलगे उशिराच बोलतात,
मम्मी म्हणते, त्याचा पप्पाही तसाच होता.
मी गप्प बसले. पेज गाळायला उठले.
मम्मीचा शब्द घरचा, डॉक्टरांचा शिकलेला,
माझा कुठला?
महिन्याच्या तीन हजारांत तो धरलेला नव्हता.

बांबोळीला विचारलं म्हणे त्यांनी,
इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं नाही आलं?
हे फ्लावियाने मला सांगितलं
आणि पुढे काहीच म्हणाली नाही.
बॅग उचलली, ड्यूटीवर गेली.

बाई म्हणाल्या, फॉर्म द्या, उशीर होतोय.
मी लिहिलं : मला दिसतं ते नीट सांगता यावं म्हणून.
माझं अक्षर मोठं. दोन्ही ओळी संपल्या.
मग समासात, आडवं, बारीक :
आणि समोरच्याने ते ऐकावं म्हणून.

पुढे रबरी बाळ आलं हातात.
घेताना तळवा आपोआप त्याच्या मानेखाली गेला.
हे येतंय तुम्हाला, बाई म्हणाल्या. आता पुढचं.

परतीच्या कदंबात खिडकीशी बसले.
मांडीवर पिशवी, पिशवीत कोबी आणि वही.
दोन बोटं दाबत मोजत होते, ओठांतल्या ओठांत.
काय मोजताय, कंडक्टरने विचारलं.
सुटे, म्हटलं.
कोलवाळचा पूल येईपर्यंत चारदा तीस झाले.
पाचव्यांदा अठराला चुकले,
पुन्हा एकपासून.