र होता, ल झाला

ट्वीड नदीच्या वरच्या अंगाला,
जिथे माणसांपेक्षा मेंढरं जास्त,
ग्रिझेलची गाय अवेळी आटली.
लोक म्हणाले, शाळामास्तराला आण,
त्याच्याकडे ग्रामर आहे.

म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही.
कातडी बांधणीचं काहीतरी असणार,
जे उघडलं की माणूस ओठांत पुटपुटतो
आणि खोलीत नसलेलं कुणीतरी ऐकतं.

मास्तर निनियन सर्दीने बेजार.
गाईंतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं,
पण लोण्याचा गोळा तिने आधीच पुढे केलेला.
तेव्हा शेणात जपून पाय रोवून,
शिंगांकडे बघत, त्याने पहिला धडा म्हटला:
मेन्सा, मेन्से, मेन्से, मेन्साम.

पान्हा फुटला की नाही, मला माहीत नाही.
ही गोष्टच मी रचली आहे.
शब्द मात्र रचलेला नाही.
त्या मुलखात कुणाची तरी जीभ खरंच घसरली,
पुढचे दात नव्हते म्हणून, की गारठ्याने,
र होता, ल झाला.
'माझ्या गाईवर त्याने ग्लॅमर टाकलं.'
कुणी हसलं नाही.

मग तो शब्द गाईवरून उठला
आणि माणसांच्या डोळ्यांवर बसला.
पाचोळ्याची नाणी दिसली, ग्लॅमर.
गळक्या खोपटाचा महाल दिसला, ग्लॅमर.
सकाळी मुठीत पुन्हा पाचोळा.

आता तो पोस्टरवर राहतो, ओठ रंगवून.
फळ्याखाली खडूत माखून बसलेली
सख्खी बहीण ग्रामर
त्याला रस्त्यात दिसली
तर ओळख देत नाही.

ग्रिझेलची लेक जोनेट पुढे वाचायला शिकली.
एका रात्री चुलीपाशी म्हणाली,
'आई, मंत्र नव्हताच तो.
टेबल, टेबलाचं, टेबलाला,
आणि पुन्हा टेबलाला. एवढंच.'

ग्रिझेल ताकाचं भांडं घासत होती.
घासता घासता थांबली.
'टेबल एकच?'
'एकच.'
'आणि दर वेळी त्याच्याशी नातं निराळं?'
'हो, पण...'
'मग?'

जोनेटने तोंड उघडलं.
राखेत एक निखारा फुटला.
त्या 'मग'ची विभक्ती
पुस्तकात दिलेली नव्हती.