मळी

शाहूपुरीच्या वाचनालयातनं आणलेलं पुस्तक,
तमिळमधनं मराठीत आलेलं, पाठीला चिकटपट्टी.
आण्णांचा मोतीबिंदू काढलेला,
म्हणून मी मोठ्यानं वाचत होतो.

एक माणूस पहाटे ताडावर चढतो, मडकं कमरेला.
‘झाडाचा गूळ?’ आण्णा हसले.
‘ऊस न्हाई व्हय तिकडं?’
चाळीस हंगाम वडणग्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते ते;
पाण्यात थेंब टाकून पाक ओळखायचे.

मग त्या माणसाची बायको रस आटवायला बसते.
‘वर आलेला फेस तिनं काढला,’ मी वाचलं.

‘फेस न्हवं. मळी.
फेस साबणाला येतोय.’

चूक लेखकाची नसेल, भाषांतराची असेल.
मी मळी म्हणून पुढं गेलो.
पाक उतू आला, बाईचा हात भाजला,
आण्णांनी आपली मूठ मिटली.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
‘कुठलं गाव म्हणालास?’
नाव मला नीट म्हणता येईना. त्यांनाही.
तरी त्यांनी दोनदा म्हणून बघितलं.

शनिवारी पुस्तक परत केलं.
पान एकशे बारा, कडेला, शिसपेन्सिलीनं
बारीक अक्षरात: मळी.
दंड दोन रुपये, तोही उशिराचा.